सहा सेकंदांची लढाई

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात लढाईची एक फेरी सहा सेकंदांची असते, असं नियमपुस्तकात छापलंय. आमच्याकडे तिला पाऊण तास लागतो. तलवार, भाला, जादू वगैरे प्रकार त्यात जेमतेम पाच मिनिटं. बाकी सगळा ‘इथून तिथे जाता येतं का’ याचा काथ्याकूट.

तसं गणित सोपं आहे. चौकटीच्या कागदावरचं एक घर म्हणजे ५ फूट. धडधाकट माणूस एका फेरीत ३० फूट चालतो, म्हणजे सहा घरं. शिवाय एक अ‍ॅक्शन मिळते: वार करा, मंत्र टाका, नाहीतर आणखी पळा. इथवर कुणाची हरकत नसते. मग कुणीतरी तिरकं जातं.

आम्ही अजून २०१४चं पुस्तक धरून आहोत. त्यात तिरकं घरही ५ फुटांचंच. आमच्यातला स्ट्रक्चरल इंजिनिअर हे ऐकलं की खुर्चीत चुळबुळतो. ५ फुटांच्या चौरसाचा कर्ण ७ फुटांच्या वर जातो. म्हणजे तिरक्या चालीने ३० फुटांच्या भाड्यात ४२ फुटांचा प्रवास. शिवाय अशी घरं मोजत गेलं, तर आगीचा गोल गोळा पटावर चौकोनी फुटतो. अशा लोकांसाठी पुस्तकवाल्यांनी पर्यायी नियम दिलाय: पहिलं तिरकं घर ५, दुसरं १०, तिसरं पुन्हा ५. तो लावला आणि पायथागोरस सुखावला, पण कोण ५वर आहे आणि कोण १०वर, हे लिहून ठेवायला कारकून नेमावा लागला असता.

खरी गंमत ‘अपॉर्च्युनिटी अटॅक’ची. शत्रूच्या टप्प्यातून बाहेर पडलात, की जाता जाता तो एक वार करू शकतो. टप्प्यात असेपर्यंत मात्र कितीही फिरा. राक्षसाला सावकाश प्रदक्षिणा घाला, हात जोडा, तुमच्या फिरण्याला त्याचा आक्षेप नाही. निघालात की सोटा. त्यावर उतारा ‘डिसएंगेज’, पण त्यात अख्खी अ‍ॅक्शन जाते. आणि शेवटी एक पळवाट ठेवली आहे: आपल्या पायांनी न जाता दुसऱ्याने ढकलल्यामुळे टप्प्याबाहेर गेलात, तर वार नाही. आमच्यातले एक काका दिवाणी कोर्टात वकिली करतात. त्यांच्या प्रतीत फक्त पळवाटांखाली पेन्सिलीच्या रेघा आहेत.

नियमांच्या काथ्याकुटाचं हे दुखणं जुनं आहे. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झ नावाच्या तरुण अधिकाऱ्याने १८२४मध्ये नकाशावरच्या युद्धाचा खेळ फासे आणि कोष्टकांसकट बांधून दिला. पुढे कोष्टकं इतकी माजली, की १८७६मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने ती बाजूला सारली आणि पंच सांगेल ती पूर्व दिशा, असं ठरवलं. शहाणा माणूस. १९७४मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी आपला हा खेळ काढला, त्यात कोष्टकंही आली आणि पंचही. दोघांना एका घरात नांदवायचं काम तेव्हापासून खेळाडूंकडे.

खेळाडू काय करतात? हजारो शेतकरी रांगेत उभे करतात. प्रत्येकाने आपली अ‍ॅक्शन राखून ठेवायची आणि हातात आलेला भाला पुढच्याला द्यायचा. सगळं एकाच फेरीत, म्हणजे भाला सहा सेकंदांत मैलोन् मैल! मग अशा वेगाच्या भाल्याने पर्वत फुटायला हवा, अशी मागणी. म्हणजे भाला पळवायचा नियमाने आणि आदळवायचा भौतिकशास्त्राने. २०२४च्या मार्गदर्शक पुस्तकात अखेर लिहावं लागलं, की नियम म्हणजे भौतिकशास्त्र नव्हे, असले भाले चालणार नाहीत. हे वाचून काका म्हणाले, “आपल्याला २०१४चं पुस्तक लागू आहे.”

आमची पंच माझी भाची. कॉलेजात आहे, आवाज मऊ आहे, दया नाही. परवा माझा म्हातारा जादूगार एका गॉब्लिनला चिकटून उभा राहिला होता. गॉब्लिन म्हणजे कॅरमची काळी सोंगटी, ७ हिट पॉइंट एवढ्या जिवाची, पण माझ्याकडे उरले होते ३. पळालो तर वार बसणार. डिसएंगेज केलं तर मंत्र टाकता येणार नाही.

“थांबा,” काका म्हणाले. माझ्या आधी त्यांची पाळी होती. “मी तुम्हाला ढकलतो.”

“ढकलायला झटापट लागते,” भाची म्हणाली. “दोघांनी फासे टाकायचे. ज्याला ढकलायचं तो जिंकला, तर हलणार नाही.”

“अगं, पण मला ढकलून घ्यायचंय!”

“मामा, राजीखुशीने ढकलून घेण्याबद्दल पुस्तक गप्प आहे.”

(२०२४च्या नियमांत आपणहून हरायची सोय आहे. हे मी तेव्हा बोललो नाही, कारण काकांनी मघाशीच २०१४ लागू केलं होतं.)

काकांचा चिलखती पॅलाडिन सरसावला. त्यांना पडले ४. मला आयुष्यात कधी पडत नाहीत ते १९ पडले. काठी टेकत चालणारा माझा जादूगार देवळाच्या खांबासारखा जागच्या जागी. इंजिनिअर बल आणि घर्षण असं काहीतरी पुटपुटला.

एवढ्यात, माझ्याही आधी, गॉब्लिनची पाळी आली. त्याने मला भोसकलं, मी आडवा झालो, आणि तो टुणटुणत निघाला.

“माझा अपॉर्च्युनिटी अटॅक!” काका उभेच राहिले.

“नाही. तो डिसएंगेज करून गेला.”

“कसा? त्याची अ‍ॅक्शन भोसकण्यात गेली!”

“गॉब्लिनला ते बोनस अ‍ॅक्शनमध्ये जमतं.”

“कुठल्या पानावर?”

“मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये. ते खेळाडूंनी उघडायचं नसतं, काका.”

काका खाली बसले, चष्मा पुसला आणि पुढची तारीख मागितली.