शेठ, गाळ्यात काय चाललंय हे एकदा तरी विचारायचं होतं

मा. गाळेमालक शेठ यांस,


पत्रावर नाव घातलेलं नाही. ज्याने बंद पडलेला गाळा भाड्याने दिला, आगाऊ रक्कम मोजून घेतली आणि त्यानंतर आत काय शिजतंय हे कधी विचारलं नाही, अशा प्रत्येक मालकाला हे पत्र आहे. तुम्ही कोण ते तुम्हाला वाचताना कळेलच. मी मोरिवलीचा. आमच्या गावाच्या नावाने अंबरनाथची औद्योगिक वसाहत ओळखली जाते. चालू कारखान्यांच्या रांगेत इथे गंजलेल्या कुलपांचे गाळेही आहेत. तसं कुलूप एखाद्या रात्री उघडलेलं दिसलं की मला धडकी भरते. का, तेच सांगतो.

फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांनी दौंडजवळच्या कुरकुंभ वसाहतीतल्या रसायन कारखान्यातून शेकडो किलो मेफेड्रोन ही नशेची पावडर पकडली. धागा दिल्लीपर्यंत गेला, सांगलीच्या कुपवाड वसाहतीपर्यंत गेला आणि एकूण साठा दीड टनावर पोहोचला. त्याच्या आदल्या ऑक्टोबरात नाशिकजवळच्या शिंदे गावात आणि सोलापूरच्या चिंचोळी वसाहतीत असेच कारखाने सापडले. ही चिंचोळी आमच्या ठाणे पोलिसांना आधीपासून माहीत आहे. एप्रिल २०१६ मध्ये त्यांनीच तिथून नशेचा माल बनवायला लागणाऱ्या एफेड्रीनचा टनांनी मोजावा लागेल एवढा साठा बाहेर काढला होता. म्हणजे पावडर आता समुद्रातून बोटीने यावी लागत नाही. ती आपल्याच वीजजोडणीवर, आपल्याच पाण्यावर, कुणाच्या तरी भाड्याच्या छपराखाली तयार होते.

तुम्ही पावडर बनवली नाही आणि विकलीही नाही, हे मी धरून चालतो. तुम्ही छप्पर दिलंत. चालू दरापेक्षा जास्त भाडं द्यायला एक माणूस तयार झाला, करारात ‘केमिकल ट्रेडिंग’ असं लिहून गेला, आणि तुम्ही सही केलीत. मग दारावर पाटी लागली नाही. कामगार बाहेरून आले आणि आतच राहिले, चहाला नाक्यावर कधी आले नाहीत. दिवसा शटर खाली, रात्री एक्झॉस्ट चालू. विजेचं बिल तुमच्या नावाने येत होतं. बंद गाळ्याचं बिल चालू कारखान्यासारखं का येतंय, हा प्रश्न तुम्हाला पडला नाही असं मी मानायला तयार नाही. पडला असणार. भाडं एक तारखेला जमा होत होतं, म्हणून तुम्ही तो गिळलात.

आणि ही जागा तुमची तरी कुठे आहे? एमआयडीसीचा भूखंड ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मिळतो. जमीन महामंडळाची. पोटभाडेकरू ठेवायचा तर महामंडळाची परवानगी घ्यावी लागते, शुल्क भरावं लागतं. उद्योग उभे राहावेत, पोरांना कामं मिळावीत म्हणून सरकारने गावांच्या जमिनी घेतल्या. त्या जमिनीवर तुम्ही असा माल बनू दिलात, जो त्याच गावातल्या पोरांना कामाला उभं राहण्याच्या लायकीचं ठेवत नाही. याचा राग आम्हाला येणार नाही असं वाटलं होतं का तुम्हाला?

वासावरून कुणी ओळखणार नाही, हेही तुमच्या भाडेकरूने बरोबर हेरलेलं असतं. आमच्या पट्ट्यात वासाची तक्रार कोण करतो! नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरला वालधुनी नदीत कुणीतरी रात्री रसायन ओतलं आणि शेकडो माणसं धापा टाकत रुग्णालयात गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये मोरिवलीतल्या कारखान्यातून वायू सुटला, अंबरनाथभर धूर पसरला, लोकांचे डोळे चुरचुरले, घसे धरले. दहा वर्षं असं सोसलेल्या माणसांच्या नाकाला आणखी एक उग्र वास वेगळा वाटत नाही. आमच्या या सवयीचा आडोसा करून धंदा चालतो, आणि त्या आडोशाचं भाडं तुम्ही घेता.

आता माल कुठे जातो ते ऐका. मेफेड्रोन म्हणजेच एमडी, म्याव म्याव. पोरं नुसतं ‘पावडर’ म्हणतात. नाकाने ओढली की दोन-तीन तास डोक्यात दिवाळी. झोप नाही, भूक नाही, गप्पा थांबत नाहीत. मग एकदम अंधार, आणि तो सोसवत नाही म्हणून त्याच रात्री पुन्हा एक पुडी. छाती धडधडते, कुणीतरी मागावर आहे असं वाटायला लागतं, पोरगा खिडक्या लावून बसतो. आईला वाटतं पोराला बाहेरचं काही लागलं. ती आधी मांत्रिकाकडे जाते, मग गळ्यातलं गहाण टाकून कुठल्या तरी केंद्रात जाते. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे पोहोचेपर्यंत घरातला टीव्ही, सिलिंडर, बहिणीच्या लग्नाचे पैसे, सगळं संपलेलं असतं.

शेठ, मेफेड्रोनच्या व्यसनावर मान्यता मिळालेलं औषध नाही. दारूसाठी गोळ्या आहेत. ब्राउन शुगरसाठी ब्युप्रेनॉर्फिन आहे, मेथाडोन आहे. याच्यासाठी अजून तसं काही नाही. डॉक्टर झोपेचं, भीतीचं, नैराश्याचं औषध देतात, पण ओढीवर उपाय माणसांचाच. समुपदेशक, आई, बायको, जुना व्यसनी मित्र, आणि पुष्कळ वेळ. तुमच्या गाळ्यात एका रात्रीत जे तयार होतं, ते एका पोराच्या अंगातून आणि मनातून काढायला एवढ्या माणसांची वर्षं खर्ची पडतात.

ही माणसं महाराष्ट्राने चार दशकांपूर्वी उभी केली. पुण्यात गर्दचा, म्हणजे ब्राउन शुगरचा, सुळसुळाट झाला तेव्हा अनिल अवचटांनी व्यसनी पोरांमध्ये बसून, फिरून लिहिलं. ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानने एक लाख रुपये पुढे केले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ ला तिथेच मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथे व्यसनी माणसाला रुग्णमित्र म्हणतात. बरा झालेला मित्र पुढे तिथलाच कार्यकर्ता होतो आणि नव्याने आलेल्याची थरथर स्वतःच्या आठवणीने ओळखतो. बायकांसाठी सहचरी नावाचा गट आहे. व्यसन नवऱ्याचं असलं तरी आजारी सगळं घर पडलेलं असतं, हे त्या लोकांनी फार लवकर ओळखलं. मुंबईत फादर जो परेरा यांनी त्याच्याही आधी, १९८१ मध्ये, कृपा फाउंडेशन सुरू केलं. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) आणि नार्कोटिक्स अ‍ॅनॉनिमस (एनए) यांच्या बैठका तर बाहेरच्या कुणाकडून एक पैसाही न घेता चालतात. चर्चच्या खोलीत, शाळेच्या वर्गात, जिथे जागा मिळेल तिथे.

आमच्यासारख्या वस्तीत हे काम त्याहून लहान आणि त्याहून अवघड असतं. महिला मंडळाच्या दोघी घरी जाऊन बसतात. पोराला मारू नका, घराबाहेर काढू नका, पण हातात पैसेही देऊ नका, हे आईला दहा वेळा समजावतात. पोलिसांत गेलो तर पोरालाच आत टाकतील, या भीतीने बाप गप्प असतो. त्याला सांगावं लागतं की अमली पदार्थ कायद्यातच कलम ६४-अ आहे. जो व्यसनी आपणहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला जातो आणि उपचार पुरे करतो, त्याला सेवनाच्या गुन्ह्यातून संरक्षण मिळतं. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा मोफत क्रमांक भिंतीवर लिहावा लागतो, कारण तो कुणाला ठाऊकच नसतो. आणि केंद्रातून परत आलेल्या पोराला कुणीतरी काम द्यावं लागतं. रिकामा बसला की तो पुन्हा त्याच टपरीशी उभा राहतो. एम्सने केलेल्या राष्ट्रीय पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. बेकायदा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या २० जणांपैकी एकालाच दाखल होऊन उपचार मिळाल्याचं त्यात आहे. उरलेले १९ जण अशाच दोघीचौघींच्या भरवशावर आहेत, किंवा कुणाच्याच नाहीत.

त्या बायकांना यातून काय मिळतं? शिव्या. पोराच्या, कधी त्याच्या बापाच्या, कधी पुडी विकणाऱ्याच्या. तुम्हाला भाडं मिळतं. कुपवाडला १४० किलो माल सापडला होता. एक ग्रॅमची पुडी धरली तर १ लाख ४० हजार पुड्या. त्यातली प्रत्येक पुडी कुणाच्या तरी दारात पोहोचली असती आणि तिच्या मागोमाग या बायकांना तिथे जावं लागलं असतं.

तुम्ही म्हणाल, मला काय माहीत? वकीलही तुम्हाला हेच शिकवेल. अमली पदार्थ कायद्याच्या कलम २५ प्रमाणे जागामालकाने माहीत असूनही जागा वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्याला होते. मेफेड्रोन ५० ग्रॅमच्या वर गेलं की ते कायद्याच्या लेखी व्यापारी प्रमाण, आणि त्याला किमान १० वर्षं सक्तमजुरी आहे. म्हणून माहीत करून न घेणं हाच तुम्ही बचाव ठरवलात. कोर्टात तो टिकेलही. पण मोरिवलीच्या नाक्यावर तो टिकणार नाही. इथल्या धुणीभांडी करणाऱ्या बाईला पोराच्या खिशातली रिकामी पुडी बघून जे कळतं, ते स्वतःच्या गाळ्याचं वीजबिल बघून कारखानदाराला कळत नाही, असं आम्ही का मानावं?

मला तुमच्याकडून देणगी नको. पोरांची व्यसनमुक्ती तुमच्या भाड्याच्या पैशातून करायची वेळ आमच्यावर येऊ नये. तुम्ही एवढंच करा. या आठवड्यात स्वतः जा, शटर वर करायला लावा आणि आत कोण काय करतंय ते डोळ्यांनी पाहा. गाळा रिकामा असेल तरीही जा. आत ड्रम असतील तर त्यांवर काय लिहिलंय ते वाचा, आणि काहीच लिहिलेलं नसेल तर १९३३ ला फोन करा. अमली पदार्थांची खबर देण्यासाठी हा राष्ट्रीय क्रमांक जुलै २०२४ पासून चालू आहे, नाव न सांगताही खबर देता येते. पोटभाड्याची परवानगी घेतली नसेल तर घ्या. मग दारावर मराठीत पाटी लावा: भाडेकरूचं नाव, इथे काय बनतं, परवाना क्रमांक. जो भाडेकरू पाटी लावायला नाही म्हणेल, त्याची आगाऊ रक्कम त्याच दिवशी परत करा आणि त्याने नाही म्हटल्याचं पोलीस ठाण्यात कळवा.

आपला,
मोरिवलीचा एक रहिवासी