बिऱ्हाड मिठाच्या पाण्यात

परभणीत खारं पाणी म्हटलं की माणसाला बोअर आठवते, समुद्र नाही. समुद्र इथून पाचशे किलोमीटर, म्हणजे देवगिरी एक्स्प्रेसमधली एक अख्खी रात्र. तरीही इथल्या बैठकीत क्लाउनफिशची जोडी पाळायची हौस एखाद्याला होऊ शकते, याचा जिवंत पुरावा मी आहे. घरी येणारं प्रत्येक लेकरू टाकीशी नाक लावून ‘निमो!’ असं ओरडतं. २००३ सालच्या त्या सिनेमानं या माशाचं बारसं कायमचं उरकून टाकलंय.

सिनेमातली एक गोष्ट मात्र लेकरांना सांगायची पंचाईत आहे. क्लाउनफिश जन्मतः मादी नसतोच. गोतावळ्यातला सगळ्यात मोठा जीव तेवढा मादी, त्याच्याखालचा नर, आणि बाकीचे नुसतेच उमेदवार. मादी गेली की नराचीच मादी होते, आणि उमेदवारांतला थोरला तिचा नवरा म्हणून बढती घेतो. म्हणजे शास्त्राप्रमाणे बघायला गेलं तर बायको गेल्यावर निमोचे वडील निमोची आई झाले असते. शिवाय एकदा मादी झालं की परत नर होता येत नाही.

एवढं कळलं की जोडी जमवणं सोपं. दोन कोवळी पिल्लं घ्यायची, एक जरा थोराड, एक बारीक. पत्रिका नाही, मानपान नाही. थोराड पिल्लू पहिले काही दिवस बारक्याला ढुसण्या देतं, आणि बारकं तिरकं होऊन अंगभर थरथरतं. पाहुण्यांना वाटतं त्याला थंडी वाजायलीय. पण ती शरणागती असते. ती मंजूर झाली की संसार सुरू. पुढे अंडी झाली तर ती राखायची, पंखांनी वारा घालायचा, खराब झालेली वेचून काढायची, हे काम बहुतेक नराचंच. (हे आमच्या घरात वाचून दाखवल्यावर नको तेवढं लक्ष देऊन ऐकलं गेलं.) मात्र दुकानदारानं ‘जोडी’ म्हणून सारख्या मापाचे दोन मोठे मासे पुढे केले तर हात जोडावेत. त्या दोघी माद्या असू शकतात, आणि मग एकीचा जीव जाईस्तोवर भांडण मिटत नाही. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण आमच्या गावाची. बाहेर कुठं जमलं नाही तर परभणी आहेच. या माशांना ती सोय नाही. ते आधीच परभणीत आलेले आहेत.

जोडी जमली की घराचा प्रश्न. घर म्हणजे ॲनिमोन: फुलासारखं दिसणारं, पण दंश करणारं जनावर. समुद्रात आपला नेहमीचा नारिंगी-पांढरा ओसेलारिस तीनच जातींच्या ॲनिमोनमध्ये राहतो. त्यातल्या सतरंजीसारख्या पसरणाऱ्या जाती हातभर रुंद होतात आणि चुकून अंगावर आलेला दुसरा मासा गिळतात. म्हणून घरच्या टाकीसाठी जाणकार ‘बबल टिप’ सुचवतात. हा त्या तिघांतला नव्हे, पण चिवट आहे आणि पुष्कळ मासे त्याला आपलं म्हणतात. पुष्कळ, सगळे नव्हेत. हल्ली हे मासे टाकीतच जन्मतात. आपल्याकडे ऐरोलीलाही त्यांची पैदास होते. अशा पिल्लानं आयुष्यात ॲनिमोन पाहिलेला नसतो. तुम्ही हजारो रुपयांचा वाडा आणून ठेवता आणि नवराबायको पाण्याच्या पंपाशेजारच्या कोपऱ्यात बिऱ्हाड थाटतात.

त्यातून वाड्याला पाय असतो. उजेड कमी पडला, पाण्याचा झोत आवडला नाही, की ॲनिमोन रात्रीतून दगड सोडून चालू लागतो. चालता चालता पंपाच्या तोंडाशी गेला तर त्याचा कीस होतो आणि सगळ्या टाकीचं पाणी नासतं. म्हणून पंपाला आधीच जाळी लावायची, आणि टाकी निदान सहा महिने मुरल्याशिवाय ॲनिमोन आणायचाच नाही.

मे महिन्याचं काय, हा प्रश्न शेजारचे काका दरवर्षी विचारतात. ‘मासे शिजायलेत का वो?’ बाहेर पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला, आणि टाकीला हवं पंचवीस-सव्वीस. पण इथं परभणीचा कोरडेपणा कामी येतो. पाण्यावर साधा पंखा सोडला तरी वाफ होऊन टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. ज्या न्यायानं आपला वाळ्याचा कूलर चालतो, त्याच न्यायानं. मुंबईच्या दमट हवेत हे इतकं साधत नाही. (समुद्र त्यांच्याकडे, आणि सोय आमच्याकडे.) अर्थात भर उन्हाळ्यात नुसत्या पंख्यानं भागत नाही, खोलीला एसी लागतोच, आणि लाइट गेली तर इन्व्हर्टर पंपासाठी राखावा लागतो. शिवाय पाणी उडतं, मीठ मागे राहतं. लिटरला पस्तीस ग्रॅमचा हिशेब बिघडू नये म्हणून रोज आरओचं गोडं पाणी ओतायचं. नळाला आठवड्यानं पाणी येणाऱ्या घरात हे काम शेजाऱ्यांच्या नजरेआड करावं.

खरं म्हणजे टाकीत शत्रूच नसल्यामुळे माशांना ॲनिमोनची गरज नसते. गरज आपल्याला असते. निमो घराबाहेर बसलेला आपल्याला बघवत नाही. माझा ॲनिमोन अजून यायचाय, आणि अडचण वेगळीच आहे. एडिंबऱ्यात सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली किनाऱ्यावरून एक ॲनिमोन आणला होता, वेगळ्या जातीचा. डॅलिएल १८५१ साली वारले. ॲनिमोन या घरून त्या घरी सांभाळला जात १८८७ पर्यंत जगला. लोक त्याला ‘ग्रॅनी’, म्हणजे आजी, म्हणत. तेव्हा आणण्याआधी वारसाची सोय बघावी म्हणून पुण्यातल्या चिरंजीवांना फोन केला. तो म्हणाला, ‘बाबा, शेत माझ्या नावावर करा, कर्जासकट करा. ॲनिमोनचं मात्र ताईला विचारा.’