गळतीशास्त्री

दर मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक गळतीशास्त्री असतो. निवृत्त, सकाळचं फिरणं आटोपलेला, दिवसाउजेडीही खिशात टॉर्च बाळगणारा. त्याच्याकडे आज गाडी असेलच असं नाही. एकेकाळी प्रीमियर पद्मिनी होती आणि ती खंडाळ्याच्या घाटात वाफा सोडत उभी राहायची, एवढ्या भांडवलावर त्याचं भागतं.

आमच्या पुण्यातल्या सोसायटीतले काका गाडीखाली ओल दिसली की चपला काढून वाकतात. बोट लावतात, दोन बोटांत चोळतात, हुंगतात. डाव्या सीटच्या पुढ्यात, खाली, साधं बिनवासाचं पाणी असेल तर हिरमुसून म्हणतात, "एसीचं आहे." पण ओल बुळबुळीत, हिरवट किंवा गुलाबी निघाली आणि गोडूस वास आला, की गाडीवाल्याचं ऑफिस बुडालंच म्हणून समजा. एकदा तिसऱ्या मजल्यावरचा उत्साही तरुण तो गोडवा जिभेनं तपासायला निघाला, तेव्हा काकांनी त्याच्या हातावर फटका मारला. "विष आहे ते! कुत्री-मांजरं मरतात चाटून!"

मग उलटतपासणी. "पाणी किती दिवसांनी कमी होतं? काटा कुठवर चढतो? काचेवर आतून चिकट धुकं धरतं? पायाखालचं मॅट ओलं लागतं?" वहिनी घड्याळाकडे बघत "गॅरेजवाला टॉप-अप करून देतो ना" म्हणाल्या, तेव्हा काकांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते लिहिण्यासारखं नाही. "वहिनी, कूलंट संपत नसतं. ते जात असतं. कुठे जातं, ते शोधायचं!"

इंजिन गरम असताना काका कूलंटचं टोपण कुणाला उघडू देत नाहीत. आत साधारण एक बार दाब असतो, म्हणून तर पाणी शंभर अंशांवरही उकळत नाही. टोपण सैल केलं की तेच पाणी उसळून तोंडावर येतं. इंजिन गार झालं की काका घरातून जुन्या बाजारातलं यंत्र आणतात: छोटा हातपंप आणि त्यावर काट्याची तबकडी. टोपणाच्या जागी ते बसवून पंप मारायचा. टोपणावर 1.1 लिहिलंय तर 1.1च, तिथे हावरेपणा नाही. नाहीतर धडधाकट होजही फुटायचा. मग दहा मिनिटं तबकडीकडे टक लावून बसणं. "पडला! काटा पडला!" ही आरोळी दुसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू येते. आता टॉर्च होज पाइपच्या क्लिपांवर, रेडिएटरच्या कडांवर, वॉटर बॉडीच्या बारीक भोकावर फिरतो. कुठे वाळलेला पांढुरका ओघळ दिसला की गाडीवाला पाना घेऊन धावतो आणि काका ओरडतात, "आवळू नका! आधी बघू तर द्या!"

काटा पडतोय आणि बाहेर सगळं कोरडं असेल, तर मात्र काकांचा आवाज खाली येतो. ऑइलचं झाकण उघडून आत दुधाळ साय दिसते का ते बघतात. 'हेड गॅस्केट' हा शब्द ते बायकामुलांसमोर उच्चारत नाहीत.

खरं सांगायचं तर काका बहुतेक वेळा बरोबर निघतात, आणि तीच अडचण आहे. चुकले असते तर टाळता आले असते. रेडिएटरमध्ये हळद टाकून गळती बुजवणाऱ्यांना ते अडाणी म्हणतात. हळदीनं रेडिएटरच्या बारीक नळ्या तुंबतात. ते खरंच आहे. पण काकू सांगतात, 'पद्मिनीच्या डिकीत स्टेपनीशेजारी हळदीचा डबा कायम असायचा, आणि स्वयंपाकाला मी शेजारून मागून आणायची.'

गेल्या सर्वसाधारण सभेत काकांच्या खालच्या फ्लॅटवाल्यांनी बाथरूमच्या छतावरल्या ओलीचे फोटो दाखवले. प्लंबर बोलवा, असं सगळेच म्हणाले. काकांनी चष्मा लावून फोटो पाहिले आणि फोन परत दिला.

"एसीचं पाणी आहे," ते म्हणाले.

त्यांच्या घरी एसी नाही.