चटणी ऐकू येते

शेजारचा मिक्सर पहाटे साडेपाचला सुरू झाला की फ्लॅटधारकाला आधी देव आठवतो, मग फोम. टोकाटोकांचा तो काळा फोम भिंतीभर चिकटवला की खोली स्टुडिओसारखी दिसते. चटणी मात्र पूर्वीइतकीच ऐकू येते. फोम खोलीतला घुमारा शोषतो, पलीकडचा आवाज अडवत नाही. अंड्यांच्या ट्रेंना तर तेही धड जमत नाही.

आवाज अडतो वजनाने. तेही कंजूषपणे: भिंत दुप्पट जड केली, तर घटणार फार तर 6 डेसिबल.

जाणकार मग जुन्या भिंतीपासून सुटी चौकट, तिच्या पोटात रॉकवूल आणि वर जिप्सम बोर्डाचे 2 थर सुचवतात. काम चोख होतं, खोली 4 इंचांनी आखडते. आणि दाराखालच्या बोटभर फटीतून कुकरची शिट्टी आरामात आत येते.