पासवर्ड गावभर कसा करावा
(बऱ्हाणपूरकर नवशिक्यांसाठी सोपी मार्गदर्शिका)

पासवर्ड जपायचे उपदेश उदंड झाले. पण बहुतेक माणसं जे मनोभावे करत असतात, त्याचं शिस्तीत मार्गदर्शन कुठेच मिळत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पुढची कृती देत आहोत. शनवाऱ्यापासून लालबागेपर्यंत कोणालाही जमेल अशी आहे.

साहित्य: एक स्मार्टफोन, शक्यतो स्क्रीनलॉक नसलेला. शब्द सुचवणारा कीबोर्ड, जो फोनसोबत येतोच. पासवर्ड एकच, सगळ्या खात्यांना तोच. नातेवाईक आवडीप्रमाणे.

पायरी १: पासवर्डची निवड

पासवर्ड असा हवा की तो गावालाही सहज आठवावा. '१२३४५६' चालेल, लोकप्रिय पासवर्डांच्या याद्यांत तो वर्षानुवर्षं अग्रभागी आहे. पण त्यात बऱ्हाणपूरचा अभिमान दिसत नाही. त्यापेक्षा ४५०३३१ घ्या. पोस्टाचा पिनकोड आहे, इथे पार्सल मागवणाऱ्या प्रत्येकाला पाठ. त्याला गाडीच्या पाटीवरचं एमपी६८ जोडा, नाहीतर ०७३२५ हा एसटीडी कोड.

इतिहासाची आवड असेल तर रोमन अक्षरांत 'मुमताज१६३१' लिहा. शाहजहानची बेगम मुमताज महल १६३१ साली इथेच, तापीकाठी वारली. हे साल आल्यागेल्या प्रत्येक पाहुण्याला मोठ्या आवाजात सांगितलं जातं, तेव्हा तुमच्या पासवर्डचा प्रचार फुकटात होतो.

पायरी २: कीबोर्डची शिकवणी

इथे नवशिक्यांची पहिली अडचण येते. पासवर्डच्या खास चौकटीत, जिथे अक्षरांचे ठिपके होतात, तिथे कीबोर्ड सहसा काही सुचवत नाही आणि लक्षातही ठेवत नाही. ॲपने त्याला तशी खूण केलेली असते. यूपीआयची तर गोष्टच निराळी. तिथे पिन टाकायला आकड्यांचा स्वतंत्र पाटा उघडतो. फोनच्या कीबोर्डला त्या खोलीत प्रवेशच नाही.

निराश होऊ नका. तोच पासवर्ड चौकटीबाहेर लिहा. घाईघाईत युजरनेमच्या जागी टाकणं हा एक मार्ग. राजमार्ग म्हणजे व्हॉट्सॲप: 'काकू, वीजबिलाच्या ॲपचा पासवर्ड मुमताज१६३१ आहे, तेवढं भरून टाका.' कीबोर्डच्या लेखी हा गप्पांतलाच एक शब्द. दोन-चारदा लिहिलात की तो त्याच्या संग्रहात जाऊन बसतो. नाहीतरी इथल्या कीबोर्डला मराठी, हिंदी, उर्दू आणि गुजराती एकाच वाक्यात झेलाव्या लागतात. दराबा, मांडे, मावा जिलेबी हे सगळं तो शिकलाय, त्यात एकाची भर.

आता फळ बघा. भाचा तुमच्या फोनवर मुंबईचं तिकीट शोधायला बसतो, रोमनमध्ये पहिली तीन अक्षरं लिहितो, आणि मुंबईच्या शेजारी मुमताज१६३१ हजर! भाच्याने विचारलं नव्हतं, तुम्ही सांगितलं नव्हतं.

पायरी ३: कॉपी करा, ठेवून द्या

पासवर्ड 'नोट्स'मध्ये लिहून ठेवा आणि दर वेळी तिथून कॉपी करा. जीबोर्ड या कीबोर्डचा क्लिपबोर्ड चालू असेल, तर कॉपी केलेला मजकूर साधारण तासभर तिथे पडून राहतो. तास अपुरा वाटला, तर तो कायमचा टाचून ठेवायचीही सोय आहे. मग लग्नाच्या पत्रिकेचा मजकूर चिकटवायला निघालेला पाहुणा चुकून तुमचा पासवर्ड चिकटवील. थेट दोनशे जणांच्या ग्रुपवर.

पायरी ४: नवा, रंगीत कीबोर्ड बसवा

फोनसोबत आलेला कीबोर्ड दिसायला साधा असतो. गुलाबांची बटणं आणि नाचणारी मांजरं असलेला एखादा उतरवून घ्या. बसवताना अँड्रॉइड स्पष्ट बजावतो की हा कीबोर्ड तुम्ही लिहाल ते सगळं, पासवर्ड आणि कार्डांच्या नंबरांसकट, गोळा करू शकतो. या सूचनेखाली 'ओके' असतं. ते दाबा.

या पायरीला परंपरा आहे. डिसेंबर २०१७ मध्ये 'एआय.टाइप' नावाच्या कीबोर्डच्या तीन कोटींहून अधिक वापरकर्त्यांची माहिती इंटरनेटवर उघडी सापडली. जिथे ती ठेवली होती, त्या डेटाबेसला पासवर्डच नव्हता. त्याआधी जुलै २०१६ मध्ये 'स्विफ्टकी' या कीबोर्डच्या काही वापरकर्त्यांना अनोळखी माणसांचे ईमेल पत्ते सुचू लागले, आणि कंपनीला शब्दसंग्रह जुळवून ठेवणारी सेवा तात्पुरती थांबवावी लागली. आपल्या कुंडी भंडारा या जुन्या पाणीयोजनेसारखंच हे. वरून प्रत्येक कुंडी वेगळी दिसते, खाली भुयारातून पाणी एकच वाहतं.

पायरी ५: हे काहीच न जमल्यास

इथवरचं तंत्र अवघड वाटलं, तर शेवटचा उपाय आपल्याच मातीतला आहे. बऱ्हाणपूरपासून सुमारे वीस किलोमीटरवर असीरगड उभा आहे. त्याला दख्खनचा दरवाजा म्हणत. अकबराच्या फौजेने वेढा घातला, तोफा चालवल्या, पण गड बळाने पडला नाही. गडाचा धनी बहादूरशाह फारुकी बोलणी करायला खाली उतरला तो अडकवला गेला. पुढे गडावरच्या अंमलदारांना सोन्याचांदीने फितवलं, असं जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतात येतं. मोगल दरबाराकडचे लेखक मात्र गडावरच्या रोगराईवर भर देतात. अधिकृत निवेदनात 'तांत्रिक कारण' लिहायची प्रथा इतकी जुनी आहे. जानेवारी १६०१ मध्ये गड अकबराकडे गेला.

तात्पर्य, तटबंदी कितीही जाड असू दे, तुम्ही बोलणी करायला खाली उतरा. 'केवायसी संपलंय', 'केळीचं अनुदान अडकलंय' असा फोन आला की आदराने बोला, पलीकडचा 'सर' म्हणतोय याचा मान ठेवा आणि ओटीपी सांगा. फितवायला सोनंही लागणार नाही.

कृती बिघडवणाऱ्या सवयी

पुढच्या गोष्टी केल्यास वरची सगळी मेहनत पाण्यात जाईल.

कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन शिकलेले शब्द पुसून टाकणं. जीबोर्डमध्ये एखादी नको असलेली सूचना दाबून धरून कचरापेटीकडे ओढली, तरी ती जाते. हा मोह आवरा.

पासवर्ड मॅनेजर वापरणं. तो दर खात्याला वेगळा, लांबलचक पासवर्ड बनवतो, स्वतःच भरतो. टाइप करायला कीबोर्ड लागत नाही, काकूही लागत नाहीत.

एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द जोडून लांब पासवर्ड करणं. हे करावंच लागलं, तर निदान पहिला शब्द लिहून पुढचे कीबोर्डला सुचवू द्या. 'नमस्कार आपण कसे आहात' असा जो पासवर्ड तयार होईल, तो बाकीच्यांच्या कीबोर्डनाही सुचेल.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पैसे येणार असतील तर यूपीआय पिन टाकावा का?
अवश्य. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. त्यामुळे टाकलात की ते आपल्याकडून जातीलच, याची खात्री बाळगा.

डोळ्याचं चित्र दाबून पासवर्ड उघडा करून लिहावा का?
हो, आणि बँकेच्या रांगेत उभं राहूनच. मागच्या माणसाला चष्मा लागत असेल तर थोडं थांबा, त्याला तो लावू द्या.

खात्यातून पैसे गेले. १९३० या सायबर फसवणुकीच्या नंबरावर लगेच फोन करावा का?
घाई नको. तिथे लवकर कळवलं तर पुढच्या खात्यात पोहोचलेले पैसे गोठवता येण्याची शक्यता असते. आधी भाच्याला विचारा, मग मेहुण्यांना, मग स्टेटस ठेवा. सोमवारी बँकेत जाऊन भांडता येईल. तोवर नवा पासवर्ड ठेवलात तर तो काकूंना मात्र कळवा, नाहीतर वीजबिल राहून जायचं.