अण्णांचा ताल

खानापुरात पहाटे पळणाऱ्यांच्या दोन जाती आहेत. पहिली भरतीवाल्या पोरांची. बेळगावात मराठा लाईट इन्फंट्रीचे केंद्र, त्यामुळे आमच्याकडे मिसरूड फुटायच्या आत पोरगा पळायला लागतो. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले की ६० पैकी ६० गुण. भरतीच्या मैदानात गाणी ऐकायला मोबाईल कोण नेऊ देतो? पोरे शिट्टीवर पळतात.

दुसरी जात अण्णांची. गाव बदलले तरी अण्णा असतातच. नोकरी पतसंस्थेत, रिपोर्टात साखर, पायांत पोराच्या पसंतीचे बूट. जांबोटी क्रॉसला ते पोरांच्या आधी हजर असतात आणि पोरे परत आली तरी तिथेच असतात. कारण गाणे लागलेले नसते. लागले तर आवडलेले नसते. घामेजलेला अंगठा काचेवर चालत नाही म्हणून तो बनियनला पुसायचा, पुन्हा फिरवायचा, तेवढ्यात इअरफोनचे एक बोंडूक कानातून सुटून गटारीत. पावसाळ्यात मोबाईल नंदिनी दुधाच्या धुतलेल्या पिशवीत असतो; मग गाणी बदलायची ती पिशवीवरूनच.

"अण्णा, पळायलाय की ऐकायलाय?" पोरे विचारतात.

"पळतो रे, खरं ठेका बसल्याबिगर पाय उचलंना बघ!"

त्यांची गाण्यांची यादी म्हणजे लग्नातल्या जेवणाची पंगत: सुरुवातीला अभंग, सपाटीला जुनी हिंदी गाणी, चढाला हलगी. हलगीमागे त्यांचा हिशेब आहे. जत्रेतल्या कुस्तीत हलगी कडाडली की पैलवानाला चेव येतो, तर आपल्याला का येऊ नये? येतोही. फक्त चेव चढाच्या पायथ्याशी येतो आणि निम्म्यावर संपतो. हलगी पुढे एकटीच चढते.

पुरावे मात्र अण्णांना तोंडपाठ. १९९८ साली बर्मिंगहॅमच्या बंदिस्त मैदानात धावपटू हाइले गेब्रसेलासीने २००० मीटरचा विक्रम केला, तेव्हा 'स्कॅटमन' हे त्याचे आवडते गाणे मैदानभर वाजत होते. हे सांगताना अण्णा असे थांबतात, जणू ध्वनिक्षेपक त्यांनीच लावला होता. लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठातले संशोधक कोस्तास कारागिओर्गिस वर्षानुवर्षे संगीत आणि व्यायाम याच विषयामागे आहेत. मिनिटाला १२० ते १४० ठोक्यांचे संगीत व्यायामाला मानवते, आणि बेताच्या वेगात जाणवणारा थकवा त्याने सुमारे दहा टक्क्यांनी कमी होतो, असे हे संशोधन सांगते.

इथे पोरांनी हसू नये. कारण तेच संशोधन पुढे म्हणते की माणूस जीव तोडून पळू लागला की थकवा विसरवण्याचे संगीताचे काम ढिले पडते. त्या वेळी छातीचा भाता गाण्यापेक्षा मोठ्याने वाजतो. म्हणजे साडेपाच मिनिटांवाल्या पोराला शेवटच्या फेरीत गाण्याचा उपयोग बेताचाच. पुरेपूर फायदा रमतगमत पळणाऱ्याला. शास्त्र अण्णांच्या बाजूचे आहे! टाळाच्या ठेक्यावर पंढरपूर गाठणाऱ्या आमच्या दिंडीवाल्यांना हे कुणी प्रयोगशाळेत नेऊन सांगावे लागले नव्हते, ही गोष्ट वेगळी.

आणि खरे सांगायचे तर गाण्यांची ती यादी नसती, तर अण्णा अंथरुणातून उठलेच नसते. साखर उतरलीय. वेग आहे तिथेच आहे.

फक्त एक विनंती. जांबोटी रस्त्याला पळत असाल तर एक कान मोकळा ठेवा. मागून चोर्ल्याकडे निघालेली गाडी येत असते, आणि अण्णांना हॉर्नसुद्धा गाण्यातलाच वाटतो.