गॅसच असेल!

2024 मध्ये अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, लेटरहेडं बदलली. जेवणानंतर छातीत उठणाऱ्या कळीचं नाव मात्र अकोल्यापासून जामखेडपर्यंत पूर्वीचंच राहिलं: गॅस.

नमुन्यादाखल एक भाऊ घ्या. पन्नाशी ओलांडलेले, रात्री साडेनऊला शिपी आमटीत भाकरी कुस्करून बसणारे. काळ्या मसाल्याची तर्री ताटाच्या काठाला टेकेपर्यंत वाढणाऱ्याला ते "बास" म्हणत नाहीत. जेवण झालं की लगेच आडवं व्हायचं आणि थोड्याच वेळात छातीच्या मधोमध हात धरून उठून बसायचं. मग घरात निदानांची पंगत बसते. आई मीठ-मोहऱ्या घेऊन दृष्ट काढते. वहिनी ओवा आणि काळं मीठ पुढे करतात. शेजारचे आबा पाठ चेपून "उसण भरलीय" असं जाहीर करतात. सकाळी मेडिकलवाला तर भाऊ पायरी चढायच्या आत पॅन-फॉर्टीची पट्टी कापतो.

यांना हसून उपयोग नाही, प्रकरण मुळातच फसवं आहे. जेवणाशी नातं सांगणारी दुखणी 'माधवनिदान'कारांनीही परिणामशूल आणि अन्नद्रवशूल अशी वेगळी काढून ठेवली होती. तिकडे लंडनच्या डॉ. विल्यम हेबर्डेन यांनी 1768 मध्ये अंजायनाचं, म्हणजे हृदयाच्या कळीचं, वर्णन केलं, तेव्हा ही कळ चालताना, विशेषतः चढावर आणि जेवण झाल्या झाल्या येते, असं नोंदवलं. म्हणजे जेवल्यावर दुखतंय तर ते पोटाचंच, हा हिशेब अडीचशे वर्षांपूर्वीच चुकीचा ठरला.

घोळ आहे तो आतल्या वायरिंगचा. अन्ननलिका हृदयाला पाठीमागून खेटून जाते आणि दोघांच्या तक्रारी मज्जारज्जूत जवळपास एकाच ठिकाणी पोचतात. मेंदूला कळ कळते, कोणाची ते कळत नाही. औषधंही फितूर. जिभेखाली धरलेली सॉर्बिट्रेट हृदयाला आराम देते, तशी आवळलेली अन्ननलिकाही सैल करते. सोडा पिऊन ढेकर आला आणि बरं वाटलं, म्हणून हृदय सुटलं असंही नाही.

म्हणून शहाणा डॉक्टर आधी हृदयाची चौकशी करतो: ईसीजी, गरज पडली तर काही तासांच्या अंतराने ट्रोपोनिनची रक्ततपासणी, पुढे स्ट्रेस टेस्ट. कळीबरोबर दरदरून घाम, धाप, किंवा हाताला-जबड्याला ओढ असेल, तर ओव्याची बरणी शोधायची नाही, 108 लावायचा.

भाऊंचा ईसीजी चांगला येतो. तो कागद घडी घालून खिशात ठेवतात आणि पारावर दहावीच्या निकालासारखा दाखवतात. स्ट्रेस टेस्टही पार पडते. कळ काही जात नाही. अखेर दुर्बिणीतून तपासणी होते, आणि अन्ननलिकेच्या तळाशी लालभडक चट्टे दिसतात. जठराच्या तोंडाशी असलेली झडप ढिली पडलीय, आम्ल वर येतंय.

डॉक्टर पथ्य सांगतात. जेवण झोपण्याच्या तीन तास आधी. तर्री कमी, चहा कमी. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. भाऊ प्रत्येक कलमाला मान डोलावतात.

"आणि तंबाखूने ही झडप आणखी सैल पडते. मावा खाता का?"

"छे हो, डॉक्टरसाहेब! खात नाही. नुसता दाढेखाली धरतो."